यंत्राच्या पोटातली हजेरी

नदी उतरून पलीकडे गेलेल्या दहा जणांची गोष्ट आपल्याकडे बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. पैलतीरी पोचल्यावर प्रत्येकाने मोजून पाहिले आणि प्रत्येकाचे नऊच भरले. कारण मोजणारा स्वतःला धरायला विसरत होता. दहावा वाहून गेला म्हणून सगळे रडत बसले, तेव्हा वाटेने जाणाऱ्या एका शहाण्याने मोजणाऱ्याच्या छातीवर बोट ठेवून दहावा कोण ते दाखवून दिले. वेदान्ती मंडळींनी या गोष्टीचा पुष्कळ उपयोग केला आहे. मला ती आठवते ती मात्र निराळ्या कारणाने. युनिक्स नावाच्या संगणकप्रणालीत अमुक नावाचे किती प्रोग्राम या घटकेला चालू आहेत असे विचारण्याची जी जुनी रीत आहे, तिच्यात नेमके उलटे घडते. चालू कामांची यादी काढायला एक प्रोग्राम, आणि त्या यादीतून हव्या त्या नावाच्या ओळी वेचायला दुसरा. वेचणाऱ्याला नाव सांगावे लागते. सांगितलेले नाव त्याच्या स्वतःच्या ओळीतही उमटते. आणि तो स्वतः चालू असल्यामुळे त्या यादीत असतोच. दहा असतील तेथे अकरा भरतात. यावर जाणत्यांनी काढलेला तोडगा असा की, नावाचे पहिले अक्षर चौकोनी कंसात घालावे. वेचणाऱ्याला अर्थ तोच कळतो, परंतु त्याच्या स्वतःच्या ओळीत ते नाव जसेच्या तसे राहत नाही, आणि अकरावा गळतो. एका प्रोग्रामचे उत्तर दुसऱ्याच्या हाती देण्याची ही सोय युनिक्समध्ये १९७३ साली आली. तोडगा आजही चालू आहे.

मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर आहे. कादंबऱ्या लिहितो ते वेगळे. पोट भरते ते शाळेवर. संगणकशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही आणि या वयात ती मिळवण्याचा विचारही नाही. परंतु वर्षानुवर्षे रोज हजेरी घेत आल्यामुळे मोजणी या प्रकाराविषयी माझ्या मनात एक आस्था आणि एक शंका अशी दोन्ही घर करून बसली आहेत. पटावरची संख्या आणि वर्गातली संख्या यांत अंतर कसे पडते, हे मास्तराला कोणी सांगावे लागत नाही. २०११ च्या ऑक्टोबरात सरकारने राज्यभर शाळांची पटपडताळणी केली, तेव्हा ते अंतर साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. म्हणून, टेबलावरच्या संगणकात एकाच प्रोग्रामच्या किती प्रती चालू आहेत हे यंत्राने कसे ओळखावे, हा प्रश्न प्रथम वाचनात आला तेव्हा तो मला मुळीच परका वाटला नाही. प्रश्न दिसायला पोरकट आहे. पण मोठमोठ्या विद्यापीठांची त्याने फजिती केली आहे, एका हुशार मुलाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे, आणि पैशाच्या व्यवहारात तर तो अजून रोज उठतो.

आधी ‘प्रत’ या शब्दाचा घोळ निस्तरला पाहिजे. ग्रंथालयात कादंबरीची एक प्रत असते. ती एका वेळी एकच वाचक घरी नेतो. प्रोग्रामचे तसे नाही. तबकडीवर निजलेला प्रोग्राम म्हणजे कपाटातले पुस्तक. तो चालू होतो म्हणजे कोणी तरी ते वाचू लागते. आणि हे पुस्तक कपाटातून न हलवता दहा जणांना एकाच वेळी वाचता येते. कोणी तिसऱ्या पानावर असतो, कोणी तीनशेव्या. आपल्याला मोजायची आहेत ती ही वाचने. शिवाय हे दहाही वाचक एकमेकांकडे पाठ करून बसलेले असतात. आपल्यावाचून दुसरा कोणी आहे की काय, हे त्यांतल्या एकालाही आपोआप कळत नाही.

एके काळी हा प्रश्नच नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली जो भारतीय बनावटीचा संगणक कामाला लागला, आणि ज्याला १९६२ साली पंडित नेहरूंनी टिफ्रॅक हे नाव दिले, त्याच्या स्मरणात अवघे २०४८ शब्द मावत. त्या पिढीच्या यंत्रांचा शिरस्ताच असा होता की, एकाचे काम घालावे, ते संपेतो थांबावे, मग दुसऱ्याचे घालावे. पिठाच्या गिरणीत एका वेळी एकाचेच दळण पडते. तेथे जात्यात किती जणांचे दाणे आहेत असे कोणी विचारीत नाही.

विचारायची पाळी आली ती अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीमध्ये. फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ च्या नोव्हेंबरात तेथे एक नवीच व्यवस्था करून दाखवली. यंत्र एकच, पण त्याला टंकयंत्रासारखी अनेक उपकरणे जोडायची, आणि प्रत्येक उपकरणापाशी बसलेल्या माणसाला यंत्राचा वेळ चिमूट चिमूट वाटत जायचे. चिमटी इतकी झपाट्याने फिरते की प्रत्येकाला वाटावे, यंत्र आपल्या एकट्याचेच आहे. पुढे तीसेक माणसे एकाच वेळी त्यावर काम करू लागली. प्रत्येकाचे काम खाजगी राहावे म्हणून त्यांनी परवलीचे शब्द ठेवले; संगणकावर परवलीचा शब्द आला तो बहुधा येथेच प्रथम.

या यंत्रावर १९६५-६६ च्या सुमारास एक गंमत झाली. पुढे १९९० सालचे ट्युरिंग पारितोषिक कोर्बाटोंना मिळाले, तेव्हा दिलेल्या व्याख्यानात त्यांनी ती स्वतःच सांगितली. एके दिवशी दुपारी जो कोणी यंत्रावर आपले नाव सांगून आत शिरे, त्याच्यापुढे रोजची सूचना छापून येण्याऐवजी सर्व वापरकर्त्यांचे परवलीचे शब्द ओळीने छापून येऊ लागले. पंधरावीस मिनिटे हा उघडा बाजार चालला होता. शेवटी एका प्रामाणिक माणसाने व्यवस्थापकांना फोन करून विचारले की, तुम्हाला याची खबर आहे काय? यंत्र तातडीने बंद करण्यात आले आणि मग शोध सुरू झाला.

शोधाअंती जे निघाले ते असे. मजकूर दुरुस्त करण्याचा एक प्रोग्राम होता. तो काम करताना मजकुराची एक तात्पुरती फाइल करी आणि तिला दर वेळी तेच एक नाव देई. लिहिणाऱ्याने धरून चालले होते की, एका खात्यातून एका वेळी एकच माणूस मजकूर दुरुस्त करील. त्या दुपारी यंत्राच्या कारभाऱ्यांपैकी दोघे जण एकाच खात्यात बसून एकाच वेळी तो प्रोग्राम चालवीत होते. एक जण रोजची सूचना सुधारीत होता. दुसरा परवलीच्या शब्दांची फाइल. तात्पुरत्या फाइलचे नाव दोघांचे एकच. एकाने खाली ठेवलेले दुसऱ्याने उचलले, आणि सूचनेच्या जागी परवलीचे शब्द जाऊन बसले. दोघांनीही काही वावगे केले नव्हते. प्रोग्रामच्या दोन प्रती चालू होत्या आणि दोन्ही प्रतींना वाटत होते की आपण एकट्याच आहोत.

कोणाला वाटेल, यात काय मोठेसे? चालू होताना प्रोग्रामने एकदा इकडेतिकडे पाहावे, दुसरा दिसला तर थांबावे. पण हे इकडेतिकडे पाहणे फार फसवे असते. आमच्या शाळेतले संगणक जुने आहेत. मुले चिन्हावर टिचकी मारतात, काही होत नाही असे पाहून पुन्हा मारतात, पुन्हा मारतात. आणि मग चित्रे काढण्याच्या एकाच प्रोग्रामच्या पाच पाच खिडक्या एकदम अंगावर येतात. समजा, त्यातला प्रत्येक प्रोग्राम येताना विचारून आला असता की, आत कोणी आहे का? पहिल्याने पाहिले, कोणी नव्हते. तो आत पाऊल टाकणार तोच दुसऱ्याने पाहिले. तेव्हाही कोणी नव्हते. दोघेही आत शिरले. पाहणे आणि शिरणे यांच्यामध्ये फट राहिली की मोजणी बुडालीच. डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ साली या फटीचे उत्तर छापले; ते जेमतेम एक पान आहे, आणि संगणकशास्त्रातल्या थोर लेखांत त्याची गणना होते. त्याच सुमारास त्यांनी दुसरी एक कल्पना मांडली व तिला सेमाफोर हे रेल्वेच्या सिग्नलचे नाव दिले. आपल्याकडे एकेरी मार्गावर पूर्वी स्टेशनमास्तर ड्रायव्हरच्या हाती कडे देत, त्याच्या पिशवीत लोखंडी गोळा असे. त्या टप्प्याच्या दोन्ही टोकांना यंत्रे होती, आणि त्यांतून एका वेळी एकच गोळा बाहेर निघे. गोळा हाती नाही तर गाडी पुढे नाही. मार्ग मोकळा आहे का हे पाहणे आणि तो आपल्या नावे करणे, या दोन गोष्टी त्या गोळ्याने एक करून टाकल्या होत्या. डाइक्स्ट्रांच्या युक्तीतही गोळ्यांची संख्या ठरवता येते: एक ठेवा, एकच प्रत चालेल, दहा ठेवा, दहा चालतील.

येथवर फक्त येणाऱ्याचा विचार झाला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली खरी अडचण जाणाऱ्याची आहे. मस्टरवर येताना सगळेच सही करतात. पण जो वाटेतच मेला, त्याने जाण्याची सही करायची कशी?

युनिक्सवाल्यांनी हजेरीची जी साधी रीत पाडली तिच्यात हे फार ठळकपणे दिसते. प्रोग्राम चालू होताना ठरलेल्या जागी ठरलेल्या नावाची एक छोटी फाइल करतो. ‘फाइल नसेल तर कर, असेल तर मला नाही म्हण’ हे यंत्र एका दमात करू शकते, म्हणजे मघाची फट बुजली. त्या फाइलीत तो आपला क्रमांक लिहून ठेवतो आणि काम संपले की ती पुसतो. दाराला आतून कडी घालावी तसे हे आहे. परंतु प्रोग्राम मध्येच कोसळला किंवा वीज गेली, तर कडी घालणारा नाहीसा होतो आणि कडी तशीच राहते. मग दुसरा येतो, कडी पाहतो आणि दाराबाहेर ताटकळत बसतो. आत कोणीच नसते! म्हणून सुधारणा अशी झाली की, फाइल दिसली तर तिच्यातला क्रमांक वाचावा आणि त्या क्रमांकाचे कोणी जिवंत आहे का ते यंत्राला विचारावे. ठीक. पण क्रमांकही फिरून वापरले जातात. लिनक्स प्रणालीत ते मुळात ३२,७६८ च्या आत असत; तेथवर पोचले की पुन्हा खालचे रिकामे क्रमांक वाटायला सुरुवात. मेलेल्याचा क्रमांक एखाद्या तिऱ्हाइताला मिळतो, आणि विचारणाऱ्याला उत्तर येते की हो, तो जिवंत आहे. शाळेत रोल नंबर सतरा म्हटल्यावर गेल्या वर्षीच्या सतराऐवजी यंदाचा सतरा उभा राहावा, तसे.

हे दूरच्या विद्यापीठांतच घडते असे नव्हे. वर्ड या प्रोग्राममध्ये पत्र लिहिणाऱ्या कोणत्याही कारकुनाने ते पाहिलेले असते. फाइल उघडली की वर्ड तिच्या शेजारी एक लपलेली फाइल करतो. तिचे नाव एका नागमोडी रेघेने आणि डॉलरच्या चिन्हाने सुरू होते आणि तिच्यात उघडणाऱ्याचे नाव असते. वर्ड मध्येच कोसळला तर ती मागे राहू शकते. मग त्याच माणसाने तीच फाइल पुन्हा उघडू पाहिली की यंत्र सांगते, ही फाइल दुसरे कोणी तरी वापरीत आहे. आणि त्या दुसऱ्याचे म्हणून त्याचेच नाव दाखवते. आपल्याच भुताने आपल्याला दारात अडवावे, असा हा प्रकार आहे. कादंबरीत मी असे लिहिले तर संपादक परत पाठवतील.

आता टेबलावरच्या संगणकाकडे येतो. मायक्रोसॉफ्टने विंडोजची पहिली आवृत्ती १९८५ च्या नोव्हेंबरात बाजारात आणली. यंत्रे गरीब होती. २५६ किलोबाइट स्मृतीत सगळा संसार मांडायचा होता. एवढ्या जागेत एकाच प्रोग्रामच्या दोन प्रती शेजारी शेजारी चालवायच्या तर काटकसर हवी. म्हणून व्यवस्था अशी होती की, सूचनांचा भाग दोघींत एकच आणि ज्याचा त्याचा मजकूर मात्र वेगळा. प्रोग्राम सुरू होताना विंडोज त्याच्या हाती चार गोष्टी ठेवी. पहिली, तुझी ओळख. दुसरी, तुझ्या आधी चालू झालेली तुझीच प्रत असेल तर तिची ओळख. नसेल तर शून्य. उरलेल्या दोन किरकोळ. दुसऱ्या रकान्यात शून्य दिसले की प्रोग्राम समजे, आपण थोरले. मग खिडक्यांचा नमुना नोंदवणे वगैरे घरधन्याची कामे तो करी. शून्य नसले तर धाकटा. थोरल्याने केलेली मांडामांड आयती वापरायची, हवे तर त्याच्याजवळचा मजकूरही नकलून घ्यायचा. इतका सरळ प्रश्न आणि इतके सरळ उत्तर मला या साऱ्या इतिहासात दुसरीकडे दिसले नाही. हे शक्य होते, कारण सारे प्रोग्राम एकाच आवारात राहत होते. चाळीत शेजारची खोली उघडी आहे की बंद, हे सांगायला कोणी लागत नाही.

मोजणीच्या चुकीने सर्वांत मोठा अनर्थ घडवला तो यानंतर तीन वर्षांनी, आणि तो टेबलावरच्या नव्हे तर विद्यापीठांतल्या मोठ्या यंत्रांवर. तरीही त्याची हकिगत येथे सांगितलीच पाहिजे, कारण प्रश्न अक्षरशः तोच होता.

कॉर्नेल विद्यापीठात रॉबर्ट टॅपन मॉरिस नावाचा एक विद्यार्थी होता. वडील त्याच नावाचे, संगणकसुरक्षेतले नावाजलेले गणिती आणि अमेरिकन सरकारच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत मोठे अधिकारी. मुलाने एक प्रोग्राम लिहिला. तो एका यंत्रावरून दुसऱ्यावर आपण होऊन जाई आणि तेथे स्वतःची प्रत चालू करी. काही पुसायचे नाही, काही चोरायचे नाही. गुपचूप पसरत राहायचे, इतकेच. मुलाला माहीत होते की, एका यंत्रावर अनेक प्रती साचल्या तर यंत्र मंदावेल आणि गुपित फुटेल. म्हणून नव्या प्रतीने आधी विचारायचे, येथे आपल्यापैकी कोणी आहे का? ‘हो’ असे उत्तर आले तर माघार घ्यायची. येथवर योजना शहाणपणाची होती. परंतु त्याच्या मनात आणखी एक शंका आली: यंत्राच्या कारभाऱ्यांनी हे ओळखले आणि खोटेच ‘हो’ म्हणणारा एखादा पहारेकरी बसवला तर? मग आपला प्रोग्राम कोठेच थारा धरणार नाही. या शंकेवर त्याने उपाय काढला. सातातून एकदा उत्तर न मानता मुक्काम ठोकायचा.

१९८८ च्या नोव्हेंबरची २ तारीख. आपण कॉर्नेलचे आहोत हे कळू नये म्हणून त्याने तो प्रोग्राम एमआयटीतल्या एका यंत्रावरून सोडला. सातातून एकदा हे प्रमाण त्याला पुरेसे कमी वाटले होते. त्याचा हिशेब चुकला तो दुसरीकडेच. एकाच यंत्राचे दार किती वेळा ठोठावले जाईल याची त्याला कल्पना नव्हती. सत्तर वेळा ठोठावले तर दहा जण आत कायमचे बसणार, सातशे वेळा ठोठावले तर शंभर. आणि जितकी यंत्रे बाधित, तितके ठोठावणारे अधिक. काही तासांत देशभरातली विद्यापीठे आणि संशोधनसंस्था यांची यंत्रे या पाहुण्यांच्या गर्दीने गुदमरून ठप्प झाली. यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे, तो काही मिनिटांत गर्दी पुन्हा हजर. बर्कली, एमआयटी, पर्ड्यू या विद्यापीठांतली माणसे रात्रभर जागून त्या प्रोग्रामची चिरफाड करीत होती. घाबरलेल्या मॉरिसने एका मित्रामार्फत, हा कसा थांबवावा याची निनावी सूचना जाळ्यावर पाठवली. परंतु जाळे त्याच्याच प्रोग्रामने तुंबलेले असल्यामुळे ती वेळेवर पोचली नाही. १९९० साली न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. तीन वर्षे देखरेखीखाली राहणे, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. १९९१ साली वरच्या न्यायालयाने ती कायम केली. पुढे तोच मॉरिस एमआयटीत प्राध्यापक झाला.

या हकिगतीत किती यंत्रे बाधित झाली? ग्रंथोग्रंथी ६,००० हा आकडा आढळतो. तो कसा निघाला हे मॉरिसचा मित्र पॉल ग्रॅहॅम याने पुढे लिहिले आहे. जाळ्यावर सुमारे ६०,००० यंत्रे असावीत असे कोणी तरी म्हणाले, आणि त्यांतली दहा टक्के धरा असे कोणी तरी म्हणाले. झाला आकडा तयार.

आतापर्यंतची मोजणी यंत्राच्या सोयीसाठी किंवा त्याच्या रक्षणासाठी होती. पैशासाठीची मोजणी हा निराळाच अध्याय आहे, आणि त्याविषयी माझे मत तितके निर्मळ नाही. १९७६ च्या ३ फेब्रुवारीला बिल गेट्स नावाच्या वीस वर्षांच्या तरुणाने हौशी संगणकवाल्यांना एक उघडे पत्र लिहिले. त्याच्या कंपनीने लिहिलेला बेसिक हा प्रोग्राम अल्टेअर यंत्रावर अनेक जण वापरीत. परंतु अल्टेअर बाळगणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी जणांनी तो विकत घेतला होता, अशी त्याची तक्रार होती. विकलेल्या प्रती त्याच्या वहीत होत्या. चाललेल्या प्रती कोणाच्याच वहीत नव्हत्या. लेखक म्हणून ही तक्रार मला समजते. माझ्याही कादंबऱ्या विकल्या जातात त्यापेक्षा मागून नेऊन वाचल्या जातात अधिक.

या दुखण्यावर १९८३ साली बोरलँड या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने काढलेला उपाय मला मनापासून आवडतो. टर्बो पास्कल हा प्रोग्राम त्यांनी अवघ्या पन्नास डॉलरांना विकायला काढला आणि करारात सांगितले की, याला पुस्तकासारखे वागवा. कितीही जणांनी वापरावा, कोणत्याही यंत्रावर न्यावा. अट एकच, एका ठिकाणी चालू असताना तो दुसऱ्या ठिकाणी चालू असता कामा नये. एक पुस्तक दोघांना दोन घरी बसून एकाच वेळी वाचता येत नाही, तसे. वहीही नाही, पहारेकरीही नाही. मोजणी ज्याची त्याने आपल्या मनाशी करायची.

व्यापाराला अर्थातच एवढा विश्वास परवडला नाही. १९८८ साली, म्हणजे मॉरिसच्याच वर्षी, फ्लेक्सएलएम नावाचा परवान्यांचा कारकून बाजारात आला. कचेरीत अभियंते तीस, परवाने दहा. प्रोग्राम चालू होताना जाळ्यावरच्या एका यंत्राकडे परवाना मागतो, संपताना परत करतो. अकराव्याला नाही म्हणून सांगण्यात येते. पण जो परत न करताच मेला, त्याचे काय? जुनाच प्रश्न. उत्तर असे काढले की, प्रोग्रामने थोड्या थोड्या वेळाने ‘मी आहे, मी आहे’ असे कारकुनाला कळवीत राहावे. आवाज थांबला की तो गेला असे समजून त्याचा परवाना दुसऱ्याला द्यावा. आता तार निसटली म्हणून आवाज थांबला असेल तर? तर तो माणूस टेबलाशी धडधाकट बसलेला असूनही वहीत मेलेला. उत्तर प्रदेशातल्या आझमगड जिल्ह्यातले लाल बिहारी १९७५ पासून १९९४ पर्यंत सरकारी कागदांत मयत होते. जिवंत असल्याचे सिद्ध करायला त्यांना एकोणीस वर्षे लागली. प्रोग्रामला इतकी लागत नाहीत एवढेच. मात्र एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. कडी घालणारा प्रोग्राम ज्याचे यंत्र त्याच्या कामाची नासाडी होऊ नये म्हणून मोजतो. परवान्याचा कारकून ज्याचे यंत्र त्याच्यावरच नजर ठेवायला मोजतो, आणि चुकला तर नुकसान नेहमी बसलेल्याचे होते, वहीवाल्याचे नाही. आता तर अनेक प्रोग्राम महिन्याच्या भाड्याने मिळतात आणि आपली हजेरी थेट कंपनीच्या घरी लावून येतात.

विंडोजची चाळही पुढे राहिली नाही. १९९३ साली विंडोज एनटी निघाले. त्यात प्रत्येक प्रोग्रामला स्वतंत्र बंद ब्लॉक मिळाला. एकाने भिंत पाडली तर शेजाऱ्याचे छप्पर कोसळू नये, हा हेतू, आणि तो योग्यच होता. पण थोरल्याची ओळख धाकट्याला कळेनाशी झाली. मग तळमजल्यावरच्या फळ्यावर ठरलेले एक नाव लिहिण्याची रीत पडली. म्यूटेक्स म्हणतात त्याला. नाव लिहायला जावे, आधीच लिहिलेले असेल तर फळाच तसे सांगतो. मुख्य म्हणजे, लिहिणारा अचानक मेला तर त्याचे नाव प्रणाली स्वतः पुसते. जाणाऱ्याची सही दुसऱ्याने करण्याची अशी सोय येथे झाली. युनिक्सच्या कडीपेक्षा हे निश्चित चांगले. तथापि हेही सगळे नाही. पुढे एकाच यंत्रावर घरातली दोन माणसे आपापले खाते उघडे ठेवू लागली. २००१ च्या विंडोज एक्सपीने तर ते घरोघर नेले. प्रत्येक खात्याचा फळा निराळा. नवऱ्याच्या खात्यात एक प्रत, बायकोच्या खात्यात एक प्रत, आणि दोघींना वाटते आपण एकट्या. जोवर लिहिणाऱ्याने सर्वांच्या सामाईक फळ्यावर नाव लिहिण्याची आठवण ठेवली नाही, तोवर.

आणि एक प्रत म्हणजे काय, हेही आता नक्की राहिलेले नाही. गूगलने २००८ च्या सप्टेंबरात क्रोम काढला. त्याची चाल अशी की, निरनिराळी पाने निरनिराळ्या कामांत चालवायची, म्हणजे एक कोसळले तरी बाकीची तगावीत. माणसाच्या डोळ्यांपुढे एकच खिडकी असते आणि यंत्राच्या यादीत क्रोम वीसदा येतो. आमच्या वर्गातल्या एका मुलीने ती यादी पाहून मला विचारले, “गुरुजी, मी तर एकदाच उघडला, मग इतके कोणी उघडले?” मी तिला सांगितले की एकच आहे. तिचे समाधान झालेले दिसले नाही. यादीत वीस होते, हे तिने स्वतः मोजले होते.

विंडोजसाठी प्रोग्राम लिहिणारे अजूनही सुरुवातीला त्या चार गोष्टींसाठी चार रकाने मांडतात. पहिल्यात आपली ओळख येते. दुसरा रकाना आधीच्या प्रतीसाठी राखलेला आहे. १९९३ साली बंद ब्लॉकांची व्यवस्था आल्यापासून तेथे कितीही प्रती चालू असल्या तरी शून्यच येते.